बीबीएची फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहत नाही. गेली काही वर्षे त्या खुर्चीवर बसणाऱ्या पालकांच्या हातात एकाच साच्याची माहितीपत्रके दिसू लागली आहेत. वर काचेची इमारत, मध्ये टाय लावलेली चार हसरी मुले आणि खाली मोठ्या अक्षरांत बीबीए. मागील जूनमध्ये सावरगावकडील एक संत्रा बागायतदार असेच पत्रक घेऊन आले. वयाने माझ्यापेक्षा मोठे. म्हणाले, "भाऊ, पोरगा बीबीए करतो म्हणते. आता हे काय असते? अन् यात नोकरी भेटते का?"

व्याज किती, हप्ता कधी सुरू होतो, कोणते कागद लागतात, हे मी त्यांना नीट सांगितले. त्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर मात्र "हो, चांगला कोर्स आहे" एवढ्यावर उडवले. मागे रांग होती. पण ती गोष्ट मनात राहिली. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील किती घरे याच प्रश्नावर चार-सहा लाखांची सही करतात हे मी रोज बघतो. म्हणून ते राहिलेले उत्तर आपल्या मंडळाच्या या पत्रातून देत आहे.

मी स्वतः बी.कॉम. आमच्या वेळी छिंदवाडा जिल्ह्यातील महाविद्यालये सागर विद्यापीठाला जोडलेली होती. (छिंदवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 2019 साली मिळाले, पुढे त्याला राजा शंकरशाह यांचे नाव दिले गेले.) तीन वर्षांत मी रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे सर्व पाठ केले, आणि पदवी हातात आली तेव्हा प्रत्यक्षातली एकही रोजकीर्द डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती पाहिली नंतर, एका अडत दुकानात आठ महिने हिशेब लिहिला तेव्हा. माल आला, तोल झाला, हमाली कापली, उधारी कोणाची किती जुनी झाली, कोणाला आता थांबवायचे. दुकानदार स्वतः आठवीपर्यंत शिकलेला होता. त्याने मला व्यापार शिकवला आणि विद्यापीठाने त्या व्यापाराची नावे शिकवली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

बीबीए म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी. ती नेमकी याच दोन गोष्टींमधली दरी भरण्यासाठी निघाली. कल्पना नवी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून 1881 साली व्हार्टन स्कूल निघाले. धंदा हा विषय बापाच्या गादीवर बसून नव्हे तर कॉलेजात बसून शिकता येईल, हा विचार तेथे पहिल्यांदा उभा राहिला. आपल्याकडे मुंबईला 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले, ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय. नागपूरला जी. एस. कॉलेज 1945 चे. आपल्या वडिलांच्या पिढीतले अनेक जण पांढुर्ण्याहून गाडी पकडून किंवा सौंसरहून छोट्या लाईनने नागपूरला शिकायला गेले, ते याच वाणिज्याच्या ओढीने. बीबीए हे त्याच झाडाचे अलीकडचे फळ आहे. हिशेब, अर्थशास्त्र, थोडे सांख्यिकी, कायदा, हे सगळे बी.कॉम.मध्येही असते. बीबीएमध्ये त्यात विपणन, मनुष्यबळ, संघटना कशी चालते, एखाद्या खऱ्या कंपनीची अडचण घेऊन वर्गात तिची चिरफाड करणे, चार जणांच्या गटात काम करून सर्वांसमोर उभे राहून ते मांडणे, आणि सुट्टीत दोन महिने कोठेतरी इंटर्नशिप करणे, हे जोडलेले असते.

म्हणजे पुस्तकातला फरक थोडा आहे. खरा फरक पुस्तकाबाहेरचा आहे. आणि फी जी जास्त घेतात ती या बाहेरच्या गोष्टींसाठीच घेतात. त्या नसतील तर बीबीए म्हणजे टाय लावलेले बी.कॉम.

हे मी रागाने म्हणत नाही; महाराष्ट्रात नुकताच याचा एक नमुना सर्वांनी पाहिला. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. महाराष्ट्राने त्यासाठी 2024 मध्ये प्रथमच वेगळी सीईटी घेतली. झाले काय? कित्येक महाविद्यालयांनी परिषदेची मान्यता घेण्याऐवजी कोर्सचे नावच बदलले. काल जे बीएमएस होते ते आज बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झाले. शिक्षक तेच, वर्ग तोच, पुस्तके तीच. ज्यांनी नाव बदलले नाही त्यांच्याकडे जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की त्याच वर्षी सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. पाटी बदलून कोर्स बदलत नसेल तर पाटी पाहून पैसे भरणे हा आपला दोष. परिषदेची देखरेख आली हे मला स्वतःला चांगलेच वाटते, कारण पालकाला तक्रार घेऊन जायला एक दार तरी झाले. पण दार असणे आणि आत चांगले शिकवले जाणे या दोन गोष्टी आहेत.

आता मुलांचे सांगतो. नावे सांगणार नाही, दोघेही आपल्याच घरांतले.

एक मुलगा. बारावीपर्यंत हिंदी माध्यम, घरी मराठी. बापाने नागपूर भागातील एका कॉलेजात बीबीएला घातला. कॉलेजचे नाव घेत नाही. तिथे शिकवणे इंग्रजीतून. पहिले वर्षभर तो वर्गात तोंड उघडून एक वाक्य बोलला नाही. गटात त्याच्याकडे काम यायचे ते प्रिंटआउट आणण्याचे. माहितीपत्रकात शंभर टक्के नोकरीची हमी छापली होती. ती खोटी निघाली असेही म्हणता येत नाही, कारण नोकरी मिळाली. विमा विकायची, कमिशनवर. तीन महिन्यांनी तो परत आला. मग माझ्याकडेच बसून त्याने बँकेच्या क्लार्क भरतीचा फॉर्म भरला. त्या फॉर्मला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीबीए आहे की बीए, हे तेथे कोणी विचारत नाही. ज्या पदाला 2025 पासून आयबीपीएसच्या जाहिरातीत कस्टमर सर्व्हिस असोसिएट असे भारदस्त नाव आले आहे, ते हेच माझे पद. त्यासाठी सहा लाख खर्चण्याचे काही कारण नव्हते.

दुसरी मुलगी. तिचीही सुरुवात तशीच, मुकी. पण तिच्या कॉलेजात एक प्राध्यापिका होत्या ज्यांनी प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे उभे राहून बोलायलाच लावले, चुका झाल्या तरी. दुसऱ्या वर्षी तिची इंटर्नशिप नागपूरच्या एका माल साठवणाऱ्या कंपनीत झाली. तिथे तिने दोन महिने एकच काम केले: कोणता माल किती दिवस पडून राहतो आणि त्याचे भाडे कोणाच्या अंगावर पडते, याचा तक्ता बनवला. सुट्टीत घरी आली तेव्हा वडिलांच्या बागेचा तिने तसाच तक्ता काढला. खत, फवारणी, मजुरी, विहिरीवरचा विजेचा खर्च, आंबिया बहार किती आणि मृग बहार किती. वडील वर्षानुवर्षे फळ झाडावर असतानाच अख्खी बाग उक्ती देत आले होते. पोरीने कागदावर दाखवले की मागच्या दोन हंगामांत तोडणी, प्रतवारी आणि पेट्या स्वतः केल्या असत्या तर काय उरले असते, आणि गळ जास्त झाली असती तर काय बुडाले असते. वडिलांनी ऐकले का? नाही. बाग त्याही वर्षी उक्तीच दिली. पण व्यापाऱ्याशी भाव ठरवताना तो कागद त्यांच्या खिशात होता.

बीबीए काय देते असे कोणी मला विचारले तर मी तो कागद दाखवीन.

आपल्या जुन्या मराठी घरांची एक खोड आहे, ती येथे बोललीच पाहिजे. भोसल्यांच्या राजवटीपासून आपण या मातीत आहोत. शेती केली, मास्तरकी केली, पटवारकी केली, रेल्वेत आणि कचेरीत लागलो. व्यापार मात्र दुसऱ्याने करायचा असे आपण गृहीत धरले. संत्रा आपला, झाड आपले, पाणी आपले, आणि भाव दुसऱ्याचा. नागपूरच्या संत्रा उत्पादकांनी एकेकाळी आपला संघ काढून नोगा या नावाने फळांचे पदार्थ बाजारात आणले होते. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या सरबताची बाटली आली नसेल? पुढे तो कारखाना महाराष्ट्राच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेला. पांढुर्ण्यात तसा विचार करायला जो माणूस लागतो, तो वाढीव फी भरून एखाद्या शहरातील मॉलमध्ये उभा करणे हा आपल्या पोरांचा उपयोग नव्हे. शहरात जाऊ नये असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की धंद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलाने पहिला धंदा आपल्या घरचा वाचून पाहावा.

आता हिशेब, कारण तो माझा प्रांत आहे. समजा, फी आणि राहणे मिळून वर्षाला दोन लाखांप्रमाणे तीन वर्षांचे सहा लाख कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के धरले. शिकत असताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता लागत नाही, म्हणून पालकांना वाटते की व्याजही लागत नाही. लागते. साध्या व्याजाने धरले तरी पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन वर्षांचे आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे मिळून 1 लाख 80 हजार होतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तो 7 लाख 80 हजारांवर. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास 13 हजार. माझ्या ओळखीत जी मुले साध्या कॉलेजातून बीबीए करून नागपुरात लागली त्यांचे सुरुवातीचे पगार 15 ते 18 हजारांच्या आसपास होते. खोलीचे भाडे त्यातूनच. मग हप्ता कोण भरतो? ज्याने सहकर्जदार म्हणून सही केली तो बाप, संत्र्याच्या पैशातून. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून कर्ज सोपे वाटते, पण हप्ते थकले की नोटीस बापाच्याही नावाने निघते आणि सिबिलवर दोघांचीही नावे चढतात. मग पुढे ट्रॅक्टरचे कर्ज मागायला जाल तेव्हा माझ्यासारखाच कोणी क्लार्क संगणकाकडे बघून मान हलवील.

खरोखर वरच्या दर्जाच्या संस्थेत नंबर लागत असेल तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज, आणि घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, अशी ती आहे. आपल्याच राज्यात इंदूरच्या आयआयएममध्ये 2011 पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालतो. त्याची प्रवेश परीक्षा कठीण आहे आणि फी फार आहे, पण हुशार मुलाला त्याचे नाव तरी माहीत असावे. आपल्याकडे अकरावीच्या मुलांना विचारून पाहा, दहापैकी किती जणांनी ते ऐकले आहे.

याहून मोठी गोष्ट आपल्या जागेची आहे, आणि ती कोणत्याही एका घराने सुटणारी नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे गेले आणि छिंदवाड्यासह आपण इकडे राहिलो. नरखेड-काटोलचा मुलगा आणि पांढुर्ण्याचा मुलगा घरी एकच भाषा बोलतात, एकच फळ पिकवतात, एकाच नागपूरला शिकायला जातात. नरखेडचा तेथे रहिवासी. आपला मात्र परराज्याचा उमेदवार. महाराष्ट्र सरकारच्या फी-सवलती आणि शिष्यवृत्त्या महाराष्ट्राच्या अधिवासावर मिळतात, त्या आपल्याला नाहीत. आणि मध्यप्रदेशाची 2017 ची मेधावी विद्यार्थी योजना, जी आपल्या बोर्डात 70 टक्क्यांवर गुण आणणाऱ्याची फी भरते, ती नागपूरच्या बीबीएला लागू नाही. उंबरठा ओलांडला की इकडचे सुटते आणि तिकडचे मिळत नाही.

बेळगावकडील 865 गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत स्वतंत्र सोय ठेवली आहे. तेथे वाद न्यायालयात आहे म्हणून ती सोय आहे, हे मला कळते. आपण येथे कोणताही सीमावाद उकरून काढत नाही. मध्यप्रदेशात आपण सुखाने राहतो. पण भाषा बोलणाऱ्याला जवळच्या विद्यापीठात शिकता यावे यासाठी आधी भांडण असलेच पाहिजे का? आपल्या मंडळाने मुंबईला एवढी मागणी जरूर पाठवावी की मध्यप्रदेशातील मराठी मातृभाषेच्या सीमावर्ती विद्यार्थ्यांना नागपूर-अमरावती भागातील महाविद्यालयांत अधिवासाची अट शिथिल करावी. जागा रिकाम्या राहतात म्हणून दोनदा सीईटी घ्यावी लागते, तर आपल्या मुलांना आत घेण्यात कोणाचे काय कमी होणार आहे?

दुसरी मागणी भोपाळला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा. जुलै 2024 मध्ये राज्याने 55 जिल्ह्यांत प्रत्येकी एक प्रधानमंत्री एक्सलन्स महाविद्यालय जाहीर केले, त्यात आपला नवा जिल्हाही मोजलेला आहे. पाटी लागली. आता पाटीच्या आत काय, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. मध्यप्रदेशाने 2021-22 मध्येच नवे शैक्षणिक धोरण लागू केले आणि त्यात पदवीच्या मुलाला इंटर्नशिप किंवा प्रकल्प करायला सांगितले आहे. कित्येक ठिकाणी हे काम दुकानातून तयार फाईल विकत आणून होते, हे सर्वांना ठाऊक आहे. सौंसरला बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडची कापडाची मिल तेथेच आहे. पांढुर्ण्यात संत्र्याची बाजारपेठ आहे. यूजीसीने 2025 मध्ये अप्रेंटिसशिपसह पदवी देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ज्यात विद्यार्थी ठराविक काळ कारखान्यात किंवा कंपनीत काम शिकतो आणि त्याला विद्यावेतनही मिळते. बोरगावचे कारखाने आणि आपले शासकीय महाविद्यालय यांच्यात असा करार करून द्यायला कलेक्टरसाहेबांना कोणती नवी इमारत बांधावी लागणार आहे? असे झाले तर मुलगी घरी राहून, कर्जाशिवाय, बी.कॉम.च्या फीमध्ये बीबीएचा अर्धा मेवा घेऊन जाईल. मुलींबद्दल मुद्दाम लिहितो, कारण नागपूरला ठेवायला घरचे तयार होत नाहीत म्हणून ज्यांचे शिकणे बी.ए. प्रायव्हेटवर थांबते अशा आपल्या मुली कमी नाहीत.

हे होईल तेव्हा होईल. या वर्षी फॉर्म भरणाऱ्या पालकांनी निदान कॉलेजात जाऊन एक दिवस घालवावा. इमारत पाहू नये. मागच्या वर्षी पास झालेल्या मुलांपैकी कोणी कोठे लागले, त्यातल्या दोघांचे फोन नंबर द्या, असे म्हणावे. इंटर्नशिप कॉलेज लावून देते की मुलाने स्वतः शोधायची, हे विचारावे. एआयसीटीईच्या मान्यतेचे पत्र यंदाचे आहे का ते पाहावे. पूर्ण वेळ शिकवणारे किती आणि तासावर येणारे किती, हे ऑफिसातल्या बाबूला विचारा, प्राचार्यांना नको. आणि हिंदी माध्यमातून आलेल्या मुलासाठी पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीचे वेगळे वर्ग घेता का, हा प्रश्न मुलाच्या समोरच विचारावा, म्हणजे त्यालाही समजेल की पुढे काय वाढून ठेवले आहे.

सावरगावच्या त्या बागायतदारांना मी नंतर फोन केला होता. मुलाला घेऊन ते दोन कॉलेजांत जाऊन आले. एका ठिकाणी मागच्या विद्यार्थ्यांचे नंबर मागताच साहेब मीटिंगमध्ये आहेत असे सांगण्यात आले. दुसरीकडे नंबर मिळाले, फोनही लागला. त्या कॉलेजची फी मात्र पहिल्यापेक्षा वर्षाला तीस हजारांनी जास्त आहे. "भाऊ, आता तुमीच सांगा," असे ते म्हणाले. मी म्हटले, मुलाला एकट्याला पाठवा माझ्याकडे, मागच्या तीन वर्षांचा बागेचा हिशेब लिहून आणायला सांगा, मग बोलू. तो पोरगा सोमवारी येतो आहे.